फोनवरची ऑर्डर, राहिलेला डोस आणि आधीच भरून ठेवलेला टीपीआर

एका तरुण सिस्टरचा प्रश्न थोडक्यात असा आहे की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन आठ महिने झालेत, २५ बेडचं नर्सिंग होम, नाइटला दोघीच सिस्टर, डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात आणि सकाळी म्हणतात मी असं बोललोच नव्हतो, सिनियर सांगते सकाळचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास यांची नोंद) आधीच भरून ठेव, आणि परवा एक डोस राहिला तर "टिक कर आणि गप बस" असं ऐकायला मिळालं. आता करायचं काय?

अगं-तुगं करते, राग मानू नकोस, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. ३१ वर्षं झाली मला या कामात. सिव्हिलला जीएनएम केलं, मग तीन नर्सिंग होम, एक मोठं हॉस्पिटल, आणि आता गेली काही वर्षं छोट्या हॉस्पिटलांचे एनएबीएचसाठी (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) केस पेपर तपासून देते. ५० बेडपर्यंतच्या हॉस्पिटलांसाठी त्यांचे वेगळे स्टँडर्ड्स आहेत, त्यामुळे हल्ली तुमच्यासारखी नर्सिंग होमपण त्यात येतात. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे चार्ट वाचणं हेच माझं काम. आणि तुला खरं सांगू, ज्या चार्टवर सात दिवस सगळ्या चौकटींत टिक आहे, एकही डोस उशिरा नाही, एकही राहिलेला नाही, एकदाही पेशंट झोपला होता किंवा उलटी झाली म्हणून गोळी दिली नाही असं लिहिलेलं नाही, तो चार्ट मी बाजूला काढते. कारण असं वॉर्डात होतच नाही. चार्ट खरा आहे की नाही ते मी "दिलं नाही" कुठं लिहिलंय त्यावरून ओळखते.

एक उदाहरण सांगते म्हणजे कळेल. एका ठिकाणी साधारण सत्तरीच्या आजी, सांधेवाताच्या, न्यूमोनिया झाला म्हणून ॲडमिट. घरच्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गोळ्या आणलेल्या, तुला माहितीच आहे कशा असतात, मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेल्या अर्ध्या स्ट्रिप, नाव गेलेलं, एक्स्पायरी गेलेली. आरएमओंनी (हॉस्पिटलातच ड्युटीवर असणारे डॉक्टर) केस पेपरवर एक ओळ लिहिली, "घरच्या गोळ्या चालू ठेवा". झालं. त्या पिशवीत दोन छोट्या पिवळ्या गोळ्या होत्या. एक फॉलिक ॲसिड, दुसरी मेथोट्रेक्सेट. मेथोट्रेक्सेट सांधेवाताला आठवड्यातून एकदाच देतात, रोज दिली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी खाली येतात, माणूस जातो त्यात, आणि म्हाताऱ्या माणसाची किडनी आधीच मंद असेल तर आणखी लवकर. पहिल्या दिवशी दुपारच्या सिस्टरने दोन्ही दिल्या आणि टिक केलं. दुसऱ्या दिवशीच्या सिस्टरने वेळेभोवती गोल केला आणि बाजूला लिहिलं, "पिवळी गोळी दिली नाही, सून म्हणते ही फक्त रविवारी, डॉक्टरांना विचारायचे", खाली सही, वेळ. बस. राउंडला सरांनी तो गोल बघितला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आजी ठीक होऊन घरी गेल्या. त्या गोलाने वाचल्या.

आता यातली मूळ चूक कुणाची? सिस्टरची नाही. "घरच्या गोळ्या चालू ठेवा" ही ऑर्डरच नाही मुळात. ऑर्डर म्हणजे औषधाचं नाव, डोस, कुठल्या मार्गाने, किती वेळा, कधीपासून, आणि खाली सही-तारीख-वेळ. यातलं एक जरी नसेल तर ते अर्धवट आहे, आणि अर्धवट ऑर्डर आपण मनाने पूर्ण करायची नाही. "सेम ट्रीटमेंट", "रेस्ट ऑल सेम", "सीटी ऑल" (म्हणजे सगळं आहे तसंच चालू) हे सगळं त्याच जातीतलं. सरांना म्हणायचं, सर मी शीटवर सगळं नाव घालून लिहून आणते, तुम्ही फक्त बघून सही करा. बहुतेक डॉक्टर करतात, त्यांना लिहायचा कंटाळा असतो, वाचायचा नाही.

फोनची ऑर्डर. रात्री दोन वाजता कन्सल्टंट येणार नाहीत हे गृहीत धर, फोनवरच देणार, आणि तातडीला ते चालतं. पण पद्धत आहे. पहिलं, फोन लावायच्या आधी केस पेपर हातात घे, बीपी, पल्स, सॅच्युरेशन, शुगर, ॲलर्जी, सकाळपासून काय दिलं हे समोर असू दे, नाहीतर सर विचारतात आणि तू "एक मिनिट हं सर" म्हणून पळतेस आणि ते वैतागून अर्धी ऑर्डर देऊन फोन ठेवतात. दुसरं, फोन स्पीकरवर टाक आणि दुसरी सिस्टर शेजारी उभी कर. तिसरं, ऐकत असतानाच लिही, नंतर नाही, आणि लिहिलेलं परत वाचून दाखव. आकडे सुटे सुटे म्हणायचे. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी एकच ऐकू येतं, मराठीत सात आणि साठ पण तसंच, म्हणून "सर, एक-पाच, पंधरा, बरोबर?" असं. त्यांनी हो म्हटलं की मग लिही: टेलिफोनिक ऑर्डर, डॉक्टरांचं नाव, रात्री ०२:१०, वाचून दाखवली, साक्षीदार सिस्टर अमुक, सही. वेळ २४ तासांच्या घड्याळात लिहायची सवय लाव, १२ चं एएम-पीएम भल्याभल्यांना कळत नाही.

सकाळी राउंडला त्या ओळीवर सही मागायची. बहुतेक हॉस्पिटलांच्या पॉलिसीत २४ तासांत सही घ्यायची असं असतं, तुमच्याकडे लिखित पॉलिसी आहे का बघ, नसेल तर मॅडमना विचार. मी काय करायचे, ज्या पेपरवर सही बाकी आहे त्यात रंगीत चिठ्ठी बाहेर डोकावेल अशी लावायचे आणि राउंडला पेन उघडूनच हातात द्यायचे. "मी असं बोललोच नाही" म्हणणारे डॉक्टर मलाही भेटलेत. वाद घालू नकोस, पेशंटसमोर तर अजिबात नको. तुझ्याकडे वेळ लिहिलेली आहे, साक्षीदार आहे, हॉस्पिटलच्या फोनवर कॉलची नोंद आहे. दोनदा असं झालं की सर स्वतःच सावध होतात. व्हॉट्सॲपवर पाठवली तर एका अर्थी बरंच, पण मेसेज गायब होतात, मोबाईल बदलतात, म्हणून ती केस पेपरवर उतरवून "व्हॉट्सॲपवर आली, इतक्या वाजता" असं लिहायचं आणि सही घ्यायचीच. पेशंटचे फोटो-रिपोर्ट स्टाफच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

इन्सुलिनवर जरा थांबते, कारण नर्सिंग होममध्ये सगळ्यात जास्त घोळ मी इथं बघितलेत. ऑर्डर असते "१२ युनिट, जेवणाआधी". आधी लिहिण्याचं बघ, युनिटच्या जागी नुसतं इंग्रजी यू काढलं की घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि १२ चे १२० होतात. कुणी तसं लिहिलेलं दिसलं तर तू शीटवर उतरवताना पूर्ण शब्द लिही, "युनिट". मग सिरिंज. आपल्याकडे व्हायल (बाटली) बऱ्याचदा ४० वाली, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, असते, तिची सिरिंज लाल टोपीची, पण पेशंट घरून जे पेनचं कार्ट्रिज आणतो ते १०० वालं, त्याला नारिंगी टोपीची सिरिंज लागते. वॉर्डात पेन सापडत नाही म्हणून कुणीतरी कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने १२ च्या रेघेपर्यंत ओढलं की पेशंटला १२ नाही ३० युनिट गेले, अडीचपट. आणि चार्टवर काय लिहिलेलं असणार? "१२ युनिट दिले". खोटं बोलायचं कुणाच्या मनात नव्हतं, तरी चार्ट खोटा. म्हणून माझ्याकडे शिकलेल्या पोरी व्हायल की कार्ट्रिज आणि ४० की १००, हे पण लिहितात.

आणि जेवण. मोठ्या हॉस्पिटलात ट्रे वेळेवर येतो, आपल्याकडे डबा घरून येतो. साडेबाराला इन्सुलिन दिलं आणि मुलगा डबा घेऊन येताना ट्रॅफिकमध्ये अडकला, दोन वाजता पोचला, तोवर पेशंट घामाघूम, बडबडतोय, शुगर ४८. ऑर्डर तंतोतंत पाळली होती हं सिस्टरने! जेवणाआधी म्हणजे जेवण समोर आल्यावर, घड्याळात साडेबारा वाजल्यावर नाही. डबा आलेला डोळ्यांनी बघायचा, मग टोचायचं, आणि नोंद करायची "१३:५०, डबा आल्यावर, शुगर इतकी, इन्सुलिन इतकं, अर्धी पोळी आणि वरणभात खाल्ला". हा उशीर लपवायचा नाही, हाच उशीर तर काम नीट केल्याचा पुरावा आहे.

काही ऑर्डर पाळायच्याच नसतात, हेही शिक. पोटॅशियम क्लोराइडचा १० मिलीचा अँप्यूल, कधीही, कुणीही, कितीही मोठ्या आवाजात सांगितलं तरी शिरेतून सरळ पुश करायचा नाही, हार्ट बंद पडतं. "सर, ड्रिपमध्ये घालून हळू सोडू का? किती स्पीडने?" असं विचारायचं. यात उद्धटपणा नाही. आणि लिहायचं की डॉक्टरांना विचारलं, त्यांनी असं सांगितलं, तसं केलं.

आता टीपीआर. हे लिहायला मला जड जातंय पण लिहिते. नोकरी लागून दुसरं वर्ष, नाइटला मी आणि एक मावशी, १८ पेशंट. सकाळी सहाचा टीपीआर आम्ही सगळ्याच जणी साडेचारला बसून भरायचो, मागच्या आकड्यांत दोन इकडे दोन तिकडे करून. ११ नंबरचे आजोबा दम्याचे, रात्री बरे होते, माझ्याशी बोलले होते. पाच-चाळीसला मावशी स्पंजिंगला गेली आणि धावत आली. आजोबा गार पडले होते. आणि चार्टवर माझ्या अक्षरात, सकाळी ६, पल्स ८२, रेस्पिरेशन २०. अजून सहा वाजायचे होते. इन्चार्ज सिस्टरने मला लिननच्या खोलीत नेलं, ओरडली नाही, कोरं पान हातात दिलं. मी पान बदललं. घरच्यांनी कधी काही विचारलं नाही, म्हातारा माणूस, त्यांनी समजून घेतलं. मला मात्र अजून आठवतं की त्या पानाची शाई ओली होती आणि मी फुंकर मारत होते.

म्हणून आधी भरू नकोस. पण नुसतं "भरू नको" म्हणणं सोपं आहे, २५ पेशंट आणि दोन सिस्टर, एका पेशंटला चार मिनिटं धरली तरी शंभर मिनिटं होतात, तीही मध्ये एक बेल वाजली नाही तर. सहाचा टीपीआर सहालाच सगळ्यांचा होणं शक्यच नाही. मग खरी वेळ लिही. पाच-दहा, पाच-चौदा, पाच-वीस. कुणी विचारलं तर हेच सांग. आणि मॅडमना किंवा सरांना सांग की प्रत्येकाला चार तासांनी बीपी लागतंय का? उद्या डिस्चार्ज होणाऱ्या हर्नियाच्या पेशंटला आणि कालच्या सिझेरियनला एकच ऑर्डर का? पेशंटप्रमाणे किती वेळा बघायचं ते केस पेपरवर लिहून घ्या. जी ऑर्डर माणसाच्या हातून पाळली जाऊ शकत नाही ती बदलून घ्यायची, खोटी पाळायची नाही. तुला वाटेल डॉक्टर ऐकणार नाहीत, पण मी हे आकडे मांडून दाखवले तेव्हा चारातल्या तिघांनी ऐकलं. चौथ्यांच्या इथून मीच सोडलं.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं एक. दर दोन तासांनी कूस बदलायची ऑर्डर असते आणि चार्टवर डावी, उजवी, पाठ, डावी, उजवी, पाठ असं छापल्यासारखं रात्रभर. असे पेशंट ॲडमिट होतानाच पाठ, माकडहाड, टाचा उघडून बघायच्या, नातेवाईक समोर असताना, आणि जखम असेल तर किती सेंटिमीटर, कुठे, कशी दिसते ते लिहून त्यांची सही घ्यायची. ब्रेडन स्केल (पडून राहून जखमा व्हायचा धोका मोजायचे गुण) वापरत असाल तर पहिल्या दिवशीच मांडायचा, १८ किंवा त्याखाली आला की धोका आहे असं धरायचं. घरून जखम घेऊन आलेला पेशंट चौथ्या दिवशी "तुमच्याकडे झाली" म्हणतो आणि आपल्याकडे पहिल्या दिवसाचं काहीच नसतं, तेव्हा काय बोलणार? माझी भाची अमेरिकेत नर्स आहे, तिथं नर्सिंग होम म्हणजे आपल्यासारखं छोटं हॉस्पिटल नाही, म्हाताऱ्या माणसांनी राहायची जागा. १९८७ च्या कायद्यापासून तिथं प्रत्येक माणसाची डोक्यापासून पायापर्यंत ठरलेली तपासणी भरावी लागते, आल्यापासून १४ दिवसांच्या आत. ती म्हणते मावशी, अर्धी शिफ्ट कॉम्प्युटरवर जाते. म्हणजे तिकडे सगळं सोपं आहे असंही नाही.

लिहायचं कसं? "पेशंट कम्फर्टेबल, व्हायटल्स स्टेबल, ऑल ड्यू मेडिसिन गिव्हन" हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की झोपेतसुद्धा म्हणेन. त्यातून पुढच्या शिफ्टला काही कळत नाही. कम्फर्टेबल म्हणजे काय, झोपला होता? दुखणं दहात किती? लघवी "पुरेशी" नाही, किती मिली, पिशवीत बघून. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलीच्या आसपास तरी व्हायला पाहिजे, सहा तासांत ९० झाली असेल तर फोन लावायची वेळ आहे, आणि "पुरेशी" लिहिणाऱ्या सिस्टरला हे कळलंच नसतं. नातेवाईक काही बोलले तर त्यांच्याच शब्दांत लिही, आपलं मत नको. "पेशंट त्रासदायक" असं लिहू नकोस, "तीन वेळा सलाइन ओढून काढली, घरी जायचं म्हणतो" असं लिही. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिही, सरळ. चुकीच्या इंग्रजीपेक्षा बरोबर मराठी कधीही चांगलं, हे माझं मत आहे आणि यावर माझी दोन मेट्रनशी भांडणं झालीत. फक्त शेजारच्या शिफ्टला केरळची सिस्टर असेल तर आकडे आणि औषधांची नावं तिला वाचता येतील अशी लिही, बाकी ओव्हर देताना (पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना) बोलून सांग, तेही पेशंटच्या बेडजवळ उभं राहून, काउंटरवर नाही.

चूक झाली तर व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, पान फाडणं नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि वेळ. आठवण उशिरा आली तर "उशिरा केलेली नोंद" असं स्पष्ट लिहून आत्ताची वेळ टाकायची आणि घटना कधीची तेही लिहायचं. मध्ये जागा सोडायची नाही.

कायद्याचं फार सांगत बसत नाही. नर्सिंग होमची नोंदणी आपल्याकडे १९४९ च्या कायद्याखाली होते. १९९५ ला सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली, तेव्हापासून केस पेपर कोर्टात फिरायला लागले. डॉक्टरांच्या २००२ च्या नियमांत इनडोअर पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचे आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे असं आहे. म्हणजे तुझं अक्षर पेशंटच्या घरी जाऊ शकतं, एवढं डोक्यात ठेव. स्वतःच्या बचावासाठी म्हणून केस पेपरचे फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवू नकोस, ते पेशंटचे कागद आहेत.

आता तुझा परवाचा डोस. रात्री दहाचं अँटिबायोटिक राहिलं आणि एक वाजता लक्षात आलं. टिक करायची नाही, आणि गुपचूप एक वाजता देऊन दहा लिहायचं हेही नाही, कारण सकाळची सिस्टर पुढचा डोस दहाच्या हिशोबाने सहाला देईल आणि दोन डोस पाच तासांत जातील. काही औषधांना चालतं, काहींना अजिबात नाही, ते आपण ठरवायचं नाही. आरएमओंना उठव. शिव्या देतील, देऊ देत. नोंद अशी कर: "२२:०० चा डोस ४ नंबरची इमर्जन्सी चालू असल्याने राहिला. ०१:०५ ला लक्षात आले. ताप नाही, बीपी ११०/७०. आरएमओंना ०१:०८ ला कळवले, आत्ता द्या व पुढचा डोस ०९:०० ला असे सांगितले, वाचून दाखवले. ०१:१५ ला दिले." मग सकाळी ओव्हर देताना नऊची वेळ तोंडाने पण सांग, नवीन वेळ चार्टवर आरएमओंकडून लिहून घे. इन्सिडेंट रजिस्टर (झालेल्या चुका, घटना लिहायची वही) असेल तर त्यात टाक. मेमो मिळाला तर मिळाला, मला आयुष्यात दोन मिळालेत, दोन्ही फाइलला लावून ठेवलेत.

आणि हो, सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घे, स्वस्तात मिळतं. मोबाईल बघत नाडी मोजलीस तर नातेवाइकांना वाटतं सिस्टर पेशंटचा हात धरून रील बघतेय.